साध्या गाडीतलं मोठं इंजिन

या गाडीबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. गाड्यांबद्दल बोलायला मला कधी आमंत्रण लागलं नाही. घरचे म्हणतात, एकदा सुरू झाला की याला ब्रेक नाही. पण या एका गाडीबद्दल लिहायचं म्हणजे त्या उन्हाळ्यात मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काय बोललो ते लिहावं लागतं. आणि माय माझ्याकडे काय मागत होती आणि मी कशाला नाही म्हणालो, तेही. दोघंही आता नाहीत. तेव्हा अडवणारं कुणी उरलं नाही आणि माफ करणारंही नाही. लिहून टाकतो.

गाडी दिसायला अगदी साधी होती. चार दारं, मागे डिकी, पांढऱ्याचा पिवळट झालेला रंग. तसल्या गाड्या तेव्हा जालन्यात गल्लोगल्ली होत्या. डॉक्टरांकडे, वकिलांकडे, बियाण्यांच्या व्यापाऱ्यांकडे. बायको पुढे, पोरं मागे, डिकीत जेवणाचे डबे. पण त्याच पत्र्याच्या पोटात कंपनीनं थोडक्या गाड्यांपुरतं एक मोठं इंजिन बसवून दिलं होतं. सोळा व्हाल्व्ह, दोन कॅमशाफ्ट, मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक. बाहेरून खूण एकच, डिकीवर एक बारकं लाल अक्षर. ज्यांना वेग हवा होता त्यांना असली संसारी गाडी नको होती, आणि ज्यांना संसारी गाडी हवी होती त्यांना पेट्रोल ढोसणारं इंजिन नको होतं. ना घरची ना घाटावरची, अशी ती राहून गेली. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिनंही आपल्याकडचा गाशा कधीच गुंडाळला. हल्ली माझा भाचा मोबाइलवर मला तिचे व्हिडिओ दाखवतो. पुण्या-मुंबईची पोरं म्हणे ती शोधत हिंडतात, सापडली की चकाचक करून मिरवतात. 'मामा, हीच ना तुमची?' असं तो विचारतो. मी म्हणतो, हीच, पण आवाज बंद कर.

मला ती माहीत झाली नांदेडच्या होस्टेलात. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. कुणाच्या तरी जुन्या इंग्रजी मासिकात तिच्यावर एकच पान होतं. ते मी हळूच फाडून मशीन ड्रॉइंगच्या पुस्तकात ठेवलं आणि असं पाठ केलं की तेवढा अभ्यास केला असता तर पहिला आलो असतो. आणि मग एके दिवशी बदनापूरला, स्टेशनजवळ एका निवृत्त साहेबांच्या दारात, ती मला दिसली. चिंचेखाली उभी, टपावर पाखरांची घाण, डिकीवर ते लाल अक्षर. मी सरळ दार वाजवलं. साहेबांना आपल्या दारात काय उभं आहे याचा पत्ता नव्हता. 'लई पिते हो ही, न्यायची असंल तर न्या,' म्हणाले. आष्टीला घरी येऊन मी आठ दिवस अण्णांच्या मागे भुणभुण लावली. आमच्याकडे तोवर ट्रॅक्टर आणि एक फटफटी. अण्णांना वाटायचं, पाहुण्यारावळ्यांत जायला, लेकीचं लग्न निघेल तेव्हा, दारात चारचाकी असावी. त्यांनी एकच विचारलं.

'डॉक्टरकडं हाय, तसलीच ना?'

'तसलीच, अण्णा. बिलकुल तसलीच.'

खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

आमचं घर आष्टीच्या बाजारपेठेच्या मागच्या अंगाला, स्लॅबचं, पुढं मोठं अंगण आणि एका बाजूला पत्र्याचं शेड. शेडात ट्रॅक्टर, खताची पोती, डिझेलचा ड्रम, आणि आता गाडी. शेडाला लागूनच स्वयंपाकघर, मधे एक खिडकी. त्या खिडकीतून मायचं जग माझ्याकडे यायचं आणि माझं तिच्याकडे जायचं. पहाटे विहिरीवरची मोटर सुरू झाली की घराला जाग यायची, मग भाकरी थापल्याचा आवाज, मग रंजनाची, माझ्या धाकट्या बहिणीची, कॉलेजात जायची घाई. माय येसर करायची त्या दिवशी भाजलेल्या धन्या-मिरच्यांचा खकाणा शेडापर्यंत यायचा आणि मी बॉनेटखाली शिंकत बसायचो. येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी, वर कच्चं तेल. ते खाताना मी तिला गाडीबद्दल सांगायचो. ती भाकरी थापता थापता हूं हूं करायची. मला वाटायचं, हिला काय कळतं, पण ऐकते बिचारी.

तिला कळत होतं. एकदा जालन्याहून अंबडला मामांकडे निघालो, मी आणि माय दोघंच. अण्णा बरोबर असले की मी गाडी बैलगाडीसारखी चालवायचो. त्या दिवशी रस्ता मोकळा होता आणि मला राहवलं नाही. मी गिअर एक खाली घेतला आणि पाय दाबला. साधी गाडी जिथं दम टाकते तिथं या इंजिनाला कुठं जाग यायची. मागून कुणी ढकलावं तशी ती सुटली. मी घाबरून मायकडे पाहिलं. पदर डोक्यावरून खाली आलेला, एक हात दाराला घट्ट धरलेला, आणि ती हसत होती. पोरीसारखी.

'अजून जाती का रं?'

'जाती की.'

'मंग घे की. तुझे अण्णा न्हाईत इथं.'

मामांच्या दारात उतरल्यावर तिनं पदर नीट केला आणि मला म्हणाली, घरी बोलू नको. माझ्या सगळ्या आयुष्यात त्या गाडीचं मोल मी सोडून फक्त एका माणसाला कळलं, आणि ती चौथी शिकलेली माझी माय होती.

तिसरं वर्ष संपल्यावरच्या सुट्टीत मी इंजिन उघडलं. जालन्यात रफीकभाईंचं गॅरेज होतं. डोक्याला कायम रुमाल, तोंडात पान, आणि हातात असा गुण की बंद पडलेली गाडी त्यांनी नुसती थोपटली तरी सुरू होईल असं लोक म्हणायचे. महिनाभर मी आष्टीहून रोज बसनं त्यांच्याकडे जायचो. व्हाल्व्ह घासून बसवले, गॅस्केटं दिल्लीहून मागवली. सगळं आलं, फक्त इंजिनाच्या तोंडावरचा दातेरी पट्टा आला नाही. साध्या गाडीचा पट्टा तिला चालत नव्हता आणि मोठ्या इंजिनाचा कुठं मिळत नव्हता. रफीकभाई म्हणाले, हा जुना आहे, थकलाय, यावर लांब जाऊ नको. मी म्हणालो, दिवाळीपर्यंत येईल, मग बदलू. दिवाळीला पट्टा खरंच आला होता, दुकानात माझ्या नावानं ठेवलेला होता. मी तो आणून डिकीत टाकला आणि सुट्टीचे आठ दिवस गाडीला पॉलिश करण्यात घालवले. पट्टा बदलायचा म्हणजे पुढचं सगळं खोलावं लागतं, हात काळे होतात. रंग कसा आरशासारखा निघाला होता. पुढच्या सुट्टीत करू म्हटलं आणि नांदेडला गेलो. शेवटचं वर्ष होतं.

त्यानंतर घरी काय झालं ते मला फार उशिरा कळलं. वाचणाऱ्याला मी तसं अंधारात ठेवत नाही. संक्रांतीनंतर मायच्या पोटातल्या गाठीचं निदान झालं. दर आठवड्याला औरंगाबादला न्यायचं, सलाईनमधून औषध द्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. मला सांगायचं नाही असं तिनंच ठरवलं. आमच्याकडे तशी रीतच आहे. पोराची परीक्षा असली की घरात कुणी मेलं तरी पेपर होईपर्यंत कळवत नाहीत, त्याच्या जिवाला घोर नको म्हणून. आणि परीक्षेनंतरही, मी नोकरीत नीट बसेपर्यंत थांबायचं, असं मायनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. मी फोन केला की रंजना सांगायची, मायला बारीक ताप आहे, कावीळ आहे, उतरतेय. आणि मी लगेच विचारायचो, गाडी चालू करून ठेवता ना रोज?

गाडी चालू होतीच. अण्णा तिच्यातूनच मायला नेत होते. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये तिला नेता येत नव्हतं. औषध घेतल्यावर तिला उलट्या व्हायच्या आणि चार लोकांपुढे तिला लाज वाटायची. फेब्रुवारीत परत येताना बदनापूरच्या अलीकडे तो पट्टा तुटला. असं इंजिन पट्टा तुटला की आतल्या आत स्वतःलाच ठेचतं. गाडी जागेवर थांबली. दोन-अडीच तास माय रस्त्याकडेच्या लिंबाखाली अण्णांच्या टॉवेलवर पडून होती. शेवटी एका ओळखीच्या टेम्पोवाल्यानं त्यांना घरी आणलं. दुसऱ्या दिवशी अण्णा रफीकभाईंकडे गेले आणि म्हणाले, यात ट्रॅक्टरसारखं भरवशाचं काहीतरी टाक, मला आठ दिवसांत पाहिजे. अपघातात चेपलेल्या तसल्याच एका साध्या गाडीचं डिझेल इंजिन मिळालं. ते बसवलं. माझं इंजिन भंगारात गेलं.

यातलं काहीएक ठाऊक नसलेला मी परीक्षा संपवून एप्रिलात आष्टीच्या स्टँडवर उतरलो. पेटी खांद्यावर घेऊन घराकडे वळलो तोच मागून खडखड करत गाडी आली. अंगणात वळली तरी मला वाटलं कुणीतरी पाहुणे आलेत. मग नंबर पाहिला. पेटी तिथंच टाकून मी बॉनेट उघडलं. आत ते काळं, तेलकट, घरघरणारं धूड. अण्णा चावी हातात घेऊन उभे होते. ते म्हणाले, 'जुनं बिघडलं व्हतं. आता बराबर चालती. डिझेल काय, घरचंच असतं.' मागच्या सीटवरून माय उतरत होती. रंजनानं तिचा हात धरला होता. मी मायच्या पाया पडलो का? पडलो असेन. मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच की त्या इंजिनाच्या माउंटिंगला दोन बोल्ट निराळेच लावले होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं जालन्याला गेलो. रफीकभाई मला बघून उठले, पान थुंकून आले.

'पट्टा तुटा, इंजिनिअर. वोइच पुराना पट्टा. सोळाच्या सोळा व्हाल्व्ह वाकले, पिस्टन फुटले. डिकी खोलली तर नवा पट्टा कागदात गुंडाळेला.' त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. 'सामान कुठून आणू म्या? अण्णा जल्दी करून राह्यल्ते.'

'एवढी कशाची जल्दी होती?'

'होती.' ते हात पुसत बसले. 'अण्णावर गुस्सा नको करू. बिलकुल नको करू.'

'कामून नको?'

'नको म्हणलं ना.'

त्या माणसाला सगळं ठाऊक होतं आणि त्यानं अण्णांना दिलेला शब्द पाळला. मी मात्र भंगारवाल्याकडे धावलो. जालन्याचं लोखंड म्हणजे काय ते सांगायला नको. देशभरचं भंगार इथं येतं आणि भट्ट्यांत वितळून सळ्या होऊन बाहेर पडतं. भंगारवाला माझं ऐकून हसला. वाईट माणूस नव्हता तो. 'भाऊ, इथला माल इथं ऱ्हातो का? कवाच गेला भट्टीला. आता सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबात बसला असंल.' तरी दुपारभर मी तिथल्या ढिगाऱ्यांत फिरलो. चूक माझी आहे हे मला रफीकभाईंकडेच कळलं होतं. पट्टा माझा, आळस माझा. आणि म्हणूनच बसमध्ये बसल्यापासून माझा राग वाढत गेला. आपलं पाप दुसऱ्याच्या पदरात टाकायचं तर आवाज मोठा काढावा लागतो.

घरी आलो तेव्हा अण्णा ओट्यावर मोसंबी सोलत बसले होते. एक-एक फोड बिया काढून वाटीत ठेवत होते. मला वाटलं स्वतःसाठी. बघा, बायको मरणाच्या दारात असलेला माणूस तिच्यासाठी फोडीतल्या बिया काढत होता आणि मला वाटलं, हे मजेत मोसंबी खाताहेत. मी पायरीवर उभा राहूनच बोललो. गाडीतलं काही कळत नसताना हात का लावला, मला एका शब्दानं विचारलं का नाही. ते खाली मान घालून सोलत राहिले. त्यांनी उलट उत्तर दिलं असतं तर कदाचित मी थांबलो असतो. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या मोसंबीच्या बागेच्या दोन ओळी रोगानं वाळल्या होत्या, त्या मला आठवल्या.

'बाग वाळवली. आता चांगलं चालतं इंजिन मारलं. तुमच्या हाताखाली काहीच जगत न्हाई, अण्णा.'

त्यांचा हात थांबला. मग त्यांनी राहिलेली फोड सोलून वाटीत ठेवली, वाटी आत नेऊन दिली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि शेताकडे निघून गेले. दारात माय उभी होती. पदर कपाळापर्यंत घट्ट ओढलेला. 'काय झालं रं?' तिनं विचारलं. तिचा आवाज पार बसला होता. इंजिन बदललेलं मला अंगणात पाय टाकताच कळलं. मायचा आवाज बदललाय हे समोर उभं राहूनही कळलं नाही. मी म्हणालो, काही नाही.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी सकाळी ती बाहेर जायचं लुगडं नेसून माझ्याजवळ आली.

'औरंगाबादला चालले, मावशीकडं. तू चल ना आज गाडी घेऊन. तू चालवली की मला बरं वाटतं.'

'त्या खटाऱ्याला मी हात लावणार न्हाई.'

तिनं पदर कपाळावर आणखी ओढून घेतला. मग म्हणाली, 'बरं, ऱ्हाऊ दे.' अण्णांनी खुंटीवरची चावी घेतली. रंजना माझ्याकडे काहीतरी बोलायला वळली, मायनं तिला डोळ्यांनी गप्प केलं. मी ओट्यावर बसून गाडी जाताना पाहिली. अण्णा फार जपून चालवत होते, खड्डा आला की जवळजवळ थांबायचे. मला तेव्हा हसू आलं होतं.

चार दिवसांनी मी पुण्याला नोकरी शोधायला गेलो. मायनं धपाटे बांधून दिले, बसून-बसून केले होते. अण्णा शेतातून आले नाहीत आणि मी त्यांची वाट पाहिली नाही. श्रावणात कारखान्यात फोन आला. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. दहाव्याला रंजनानं मला शेडात नेऊन पहिल्यापासून सगळं सांगितलं, जे मी वर लिहिलं ते. सांगताना ती रडली नाही. सतरा वर्षांच्या पोरीनं सहा महिने ते पोटात ठेवलं होतं, तिचं रडून झालेलं होतं.

अण्णांजवळ मी तो विषय काढायला किती वर्षं घेतली हे सांगायची मला लाज वाटते. आम्ही बोलायचो, पाऊस, बाजार, रंजनाचं सासर, माझी पोरं. गाडी त्यांनी दोन वर्षं वापरली आणि एका दूधवाल्याला देऊन टाकली. मीही पुढे चारचाकी घेतली ती साधीच. पुण्याहून मी पुढे जालन्याला राहायला आलो, आणि शेवटची काही वर्षं अण्णा तिथं माझ्याकडे होते. कानानं कमी ऐकायचे. एका दुपारी चहा पिताना मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढली आणि मोठ्यानं म्हणालो, 'अण्णा, त्या उन्हाळ्यात मी तुम्हाला बोललो, ओट्यावर. तसं बोलायला नको होतं मी.'

'काय बोल्ला?' ते म्हणाले. 'मला काय आठवत न्हाई.'

बशीत चहा ओतून त्यांनी तो हळूहळू प्यायला. मला वाटलं संपलं. मी सुटलो असंही वाटलं, खोटं कशाला सांगू. मग ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

'तुझ्या मायनं ऐकल्तं पण. तू संग आला न्हाईस त्या दिशी औरंगाबादला जाताना गाडीत रडली. बदनापूर गेलं तरी रडूनच राह्यली. म्या म्हणलं, लेकरू हाय, ठावं न्हाई त्याला, मनावर घेऊ नको. तर म्हणली, तुमच्यासाठी न्हाई रडत म्या. माझ्यापायी त्याची वस्तू गेली. शेवटपोहोत तेच. दवाखान्यात सलाईन लावलेलं, तरी तेच, माझ्यापायी त्याचं इंजिन गेलं. म्या म्हणलं, अगं, लोखंडाचं ते, दुसरं आणून देऊ त्याला.'

'मग?'

'न्हाई म्हणली. तसलं आता कुठंच मिळत न्हाई. त्यानंच सांगितलंय मला.'

खरं होतं ते. मीच सांगितलं होतं.